जादाचे दोन पाटे

दिवाळीच्या तोंडावर ज्याने नवी गाडी घेतली, त्याला 'का घेतली?' असे कोणी विचारीत नाही. लोक पेढे मागतात, रंग चांगला निवडला म्हणतात आणि घरी गेल्यावर 'हप्ता केवढा बसत असेल हो?' एवढीच काय ती चर्चा करतात. पण जुनी वस्तू दुरुस्त करायला काढणाऱ्याचे तसे नाही. जो भेटेल तो त्याला कारण विचारतो. सांगण्यासारखे कारण नसेल तर त्याच्या डोक्याविषयी शंका घेतली जाते, आणि असेल तर तो चिक्कू आहे याबद्दल खात्रीच पटते.

हे मी अनुभवाने सांगतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मराठी हा विषय अठरा वर्षे शिकवून झाल्यावर, मी एक सव्वीस वर्षांची पिकअप गाडी दुरुस्त करायला काढली. तोपर्यंत माझा यंत्रांशी आलेला सर्वांत निकटचा संबंध म्हणजे स्टेपलरचा. स्कूटरला पेट्रोल लागते आणि ते पंपावर मिळते, इथे माझे वाहनशास्त्र संपत होते. बातमी स्टाफरूममध्ये पोहोचली तेव्हा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी नुसत्या भुवया उंचावल्या. इतिहासाच्या प्राध्यापकांनी ती वस्तू एखाद्या संग्रहालयाला देण्याचा सल्ला दिला. घरी सौ.ने मात्र कारण विचारले नाही. ती म्हणाली, "अहो, पण ठेवणार कुठे?" संसारी माणसाचा प्रश्न नेहमी असा मुद्द्याचा असतो.

गाडी माझी नव्हती, दादाची होती. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, म्हणून त्याचे शिक्षण दहावीला थांबले आणि माझे थांबले नाही. आमचे गाव सासवडजवळ. पुरंदर तालुक्यातल्या त्या हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळ आणि अंजीर फार गोड होतात. पुरंदरच्या अंजिराला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गोड फळाचा स्वभाव मोठा उतावीळ. झाडावर तयार झाले की त्याला बाजार दिसला पाहिजे, नाही तर ते सरळ मातीकडे वळते. म्हणून २००१ साली दादाने एक वापरलेली पिकअप घेतली. मध्यरात्र उलटली की भरलेल्या पाट्या हौद्यात रचायच्या, दिवे घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल लावायचा, हा त्याचा हंगामातला नेम. अडत्याची पट्टी हातात पडली की तीतून आधी डिझेल, मग मजुरी, मग माझी विद्यापीठाची फी आणि मेसचे पैसे. त्याच वर्षी मी पुणे विद्यापीठात एम. ए.ला आलो होतो.

२०१८ साली दादाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. ओझे उचलायचे नाही, रात्रीचे जागरण करायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पुतण्याने कर्ज काढून नवी गाडी घेतली आणि जुनी चिंचेखाली उभी राहिली. चार वर्षे ती तिथेच होती. कोंबड्यांनी तिच्या केबिनमध्ये अंडी घातली, एका वेलाने तिचा आरसा गिळला. २०२२च्या दिवाळीनंतर भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारून वजनावर आकडा सांगितला. दादाने घासाघीस केली नाही. एवढेच म्हणाला, "देऊन टाका. न्यायला याल त्या वेळी मी मळ्यात असेन."

मी ओसरीवर बसलो होतो. "मी घेतो," असे मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर मीही थोडे इकडेतिकडे पाहिले.

गाडी कोणत्या कंपनीची, ते मी मुद्दामच सांगत नाही. म्हातारपणीच्या दुखण्यांवरून कोणाच्या माहेराचा उद्धार करू नये. पण गावात तिला सगळे 'टेम्पो' म्हणत, आणि मराठीच्या मास्तराचा पाय अडखळायला तेवढा एक शब्द पुरतो. टेम्पो हे मूळचे हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचे नाव. त्यांच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली. ती पुढे आकुर्डीला स्थिरावली. तिच्या तीनचाकी मालगाड्या महाराष्ट्रभर इतक्या धावल्या, की ट्रकहून लहान अशा प्रत्येक गाडीला आपण टेम्पोच म्हणू लागलो. १९८८ साली टाटांनी पुण्यातच टाटामोबाइल ही पिकअप काढली, तर आमच्या गावाने तिचाही टेम्पोच केला. बजाज टेम्पोचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले. नावाचा मालक नाव टाकून गेला, पण शब्द इथेच बिऱ्हाड करून राहिला.

तसे पाहिले तर अख्खे गॅरेजच पाहुण्या शब्दांची धर्मशाळा आहे. 'चावी' पोर्तुगिजांकडून आलेली. 'दुरुस्त' फारसीतला, त्याचा मूळ अर्थ बरोबर, धड, ठाकठीक. 'हौदा' हत्तीच्या पाठीवरून उतरून ट्रकच्या पाठीवर चढलेला. डिझेल हे तर एका गृहस्थाचे आडनाव. आणि 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'पासून आला. त्याचा अर्थ उस्ताद, गुरू, शिक्षक. म्हणजे मिस्त्री आणि मी एकाच पेशाचे! फरक एवढाच, की त्याने शिकविलेले चुकले तर गाडी रस्त्यात बंद पडते. आमच्या विषयात ते लवकर कळून येत नाही.

आमचे मिस्त्री फुरसुंगीजवळ सासवड रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. गाडी दुसऱ्या एका ट्रकच्या पाठीवर बसून घाट उतरली आणि त्यांच्या शेडमागे मोकळ्या जागेत विसावली. मिस्त्रींनी तिला हात लावण्याआधी मला विचारले, "सर, ही विकायला करताय, मिरवायला करताय, का वापरायला?"

"वापरायला," मी म्हणालो. "आणि मला स्वतःला काम करायचे आहे. तुम्ही दाखवा, मी करतो."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. खडूखेरीज त्या हातांना काही माहीत नव्हते, हे कळायला मिस्त्री असण्याचीही गरज नव्हती. "रविवारी या," ते म्हणाले. "जुने कपडे घालून या. आणि अंगठी काढून या."

पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने बॉनेटपाशी उभा राहिलो. मिस्त्री मागच्या चाकाशी बसले. "इंजिन नाही का पाहायचे?" मी विचारले. ते म्हणाले, "पळायचं नंतर बघू, सर. आधी थांबली पाहिजे."

गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. आपल्याला घाई असते ती इंजिनाचा आवाज ऐकण्याची. पण चार वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत आधी रुसतात ते ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. त्या ओलाव्याने चाकाजवळच्या सिलिंडरला आतून गंज धरतो, रबरी वायसर फुगतात, झिजतात आणि तेल गळू लागते. आम्ही चारही चाके उतरवली. ड्रम लेथवर साफ करून आणले, नवे लायनर बसविले, सिलिंडर बदलले, तेल ओतले. मग हवा काढण्याचा कार्यक्रम. याला दोन माणसे लागतात. मी केबिनमध्ये पॅडल दाबायला, मिस्त्री चाकाशी पाना घेऊन. "दाबा… धरा… सोडा." तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. नळीत तिचा एक बुडबुडा राहिला तरी पॅडल कापसासारखे खाली जाते आणि चाक फिरतच राहते. माझ्या मनात आले, मी तपासतो त्या पुष्कळशा उत्तरपत्रिकांचे दुखणे हेच असते. पॅडल खूप दाबलेले असते, पण मध्ये हवा फार.

त्या हिवाळ्यातले माझे सगळे रविवार मग त्या गाडीखाली गेले. जुन्या गाडीवर काम करणे म्हणजे मुख्यतः गंजलेले नट सोडविणे होय, हे मला लवकरच समजले. त्याचीही रीत आहे. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे. मग त्यावर तेल सोडायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. तासाभराने हातोडीने हलकेच चारी बाजूंनी ठोकायचे. मग पाना लावून आधी किंचित आवळायचे, आणि त्यानंतर सोडवायचे. नुसता जोर केला तर बोल्टाचे मुंडके हातात येते, आणि पाच मिनिटांचे काम पाच तासांचे होते. आवळून सोडविण्याची ही युक्ती मला फार आवडली. रागावलेल्या माणसाशी बोलतानाही आधी त्याचे थोडे मान्य करावे लागते, मगच तो सैल होतो.

गॅरेजमध्ये मी एकाच बाबतीत उपयोगी ठरलो. सुटलेला प्रत्येक नट-बोल्ट मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत वेगळा ठेवी आणि वर चिठ्ठी चिकटवी : 'डावे मागचे चाक, आतील बाजू', 'रेडिएटर, वरचे दोन.' मिस्त्रींच्या हाताखाली विशीतला एक मुलगा होता. तो ते डबे पाहून म्हणाला, "सर, तुमचं अक्षर लई भारी आहे." महिनाभराने त्यानेही चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. तेवढी एकच विद्या मी त्या शेडमध्ये देऊ शकलो; बाकी सगळी घेतलीच.

सुटे भाग आणायला नाना पेठेत जावे लागे. तिथे जायचे तर जुना भाग पिशवीत घालून न्यावा. कागदावर लिहून नेलेली नावे तिथे कुचकामी. दुकानदार चिठ्ठीकडे पाहत नाही, "नमुना आणलाय का?" विचारतो. तेलकट तुकडा काउंटरवर ठेवला की तो एकदाच उलटा करून पाहतो आणि माळ्यावरच्या पोराला हाक मारतो. ग्रंथपालांमध्ये अशी स्मरणशक्ती मी फार थोड्यांची पाहिली आहे. हौद्याच्या फाळक्याची कडी मात्र नव्यांत मिळेना. ती जुन्या बाजारात मिळाली. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. एखाद्या घड्याळाचा लंबक, पितळी कुलूप, कुठल्याशा कचेरीची खुर्ची अशा मंडळींत आमची कडी गोणपाटावर बसली होती.

हौद्याचा पत्रा ही वेगळीच गोष्ट. फळांचा रस आणि खताच्या गोणीतून सांडलेली खते यांनी तो जागोजाग खाल्ला होता. कुठे पत्रा उरला आहे आणि कुठे नुसता रंग उरला आहे, हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळते. मिस्त्री हातोडीने ठोकत जात. चांगला पत्रा खणखणतो, गंजका बद वाजतो. उन्हाळ्यात आपल्या आज्या कुंभाराकडचा माठ अशाच टिचक्या मारून पारखीत. जिथे बद वाजला तिथे खडूने खूण करायची. हे काम माझ्याकडे आले, आणि खडू हातात येताच मला पुष्कळ धीर आला. खूण केलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडला. मी विचारले, "नुसती लांबी भरून रंग मारला तर?" मिस्त्री म्हणाले, "दिसेल छान. पण लांबीखाली गंज मरत नाही, सर. तो जेवत बसतो."

मार्च उजाडता आम्ही इंजिनापाशी आलो. आमच्या लहानपणी प्रत्येक विहिरीवर डिझेल इंजिनाची टुकटुक ऐकू यायची. खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी १९४६ साली निघाली, आणि तिच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींचे पाणी वर आणले. पण त्या टुकटुकीच्या आत काय चालते ते मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. नुसती हवा वीस-बावीसपट दाबायची. दाबली गेली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली हे जर्मनीत सिद्ध करून दाखविले. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. हे मी मिस्त्रींना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आता शेंगदाण्याचं तेल डिझेलपेक्षा महाग आहे."

टाकीतले चार वर्षांचे डिझेल काढून टाकले, टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि इंजिन दोन दिवस तसेच ठेवले. मग मोठा पाना लावून ते हाताने फिरविले. सुरुवातीला हलेना. मग जडपणे, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसे, अर्धा फेरा फिरले. तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल चढविले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. इथेही हवा काढायचीच होती. सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी पांढऱ्या धुराचा एक लोट बाहेर आला आणि गाडी बोलली. धूर पांढऱ्याचा निळा झाला, निळ्याचा विरळ झाला. शेजारच्या टपरीवाल्याने न सांगता चहा पाठविला.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी तिला शेडमागच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. मी शेजारी बसलो होतो. थांबत उत्तम होती, पळतही बरी होती. पण प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग दगडासारखा आपटत होता. परत आल्यावर मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली गेले आणि म्हणाले, "सर, जरा इकडे या."

मागच्या चाकांवर भार तोलायला एकावर एक पोलादी पट्ट्यांची कमान असते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. ओझे आले की पाटे दबून सपाट होतात, उतरले की पुन्हा कमान धरतात. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे दोन पाटे बॅटरीच्या उजेडात दाखविले. त्यांची जाडी निराळी होती, टोकाची कापणीही निराळी. "हे कंपनीचे नाहीत. दोन्हीकडं एकेक जादा घातलाय. तिला झेपत नाही एवढा माल भरायचं कुणीतरी." मग आणखी थोडे सरकून त्यांनी चासीवरचे एक जुने वेल्डिंग दाखविले. "पाटे वाढवले म्हणून ताकद वाढत नाही, सर. धक्का फक्त पुढं सरकतो. पाट्यानं खाल्ला नाही तर चासी खाते, अ‍ॅक्सल खातं, बेअरिंग खातं. कुणाला तरी तो खावाच लागतो."

पुढच्या रविवारी मी गॅरेजला न जाता गावी गेलो. दादा ओसरीत बसून अंजिरे निवडत होता. मी जवळ बसलो आणि विचारले, "दादा, मागचे जादा पाटे कधी घातलेस रे?"

"दोन हजार दोनला," तो मान वर न करता म्हणाला. "सासवडला घालून घेतले."

"कशाला?"

"खेप वाढवायची होती. तुझं दुसरं वर्ष सुरू झालेलं. मेसचे पैसे वाढले होते बघ. दोन खेपा करायच्या तर सगळं डिझेलातच जायचं. म्हटलं, एका खेपेत नेऊ."

"मला कधी बोलला नाहीस."

दादाने एक मऊ पडलेले अंजीर बाजूला ठेवले. "त्यात तुला काय बोलायचं? पाटे गाडीला घातले होते."

त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. त्या दुसऱ्या वर्षी मी विद्यापीठात 'ग्रामीण कथेतील श्रमाचे चित्रण' या विषयावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. टिपा आणि संदर्भांसह. त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले होते, आणि तो टंकलिखित करायचे पैसेही अर्थात त्याच हौद्यातून आले होते. दादा अंजिरे निवडत होता आणि मी त्याच्या छातीकडे पाहत होतो. धक्का कुणाला तरी खावाच लागतो, असे मिस्त्री म्हणाले होते.

"ते काढायचे म्हणतात," मी म्हणालो.

"काढा की," दादा म्हणाला. "आता कुठं एवढं भरायचंय तिला?"

पाटे काढले. चासी नीट तपासून, जुने वेल्डिंग खरवडून पुन्हा केले. रंग गावातल्या लोकांना ओळखू येईल असा जुनाच दिला. मग आले 'पासिंग'. हा शब्द आम्हा परीक्षावाल्यांचा, पण मालवाहू गाड्यांना तो अधिक शोभतो. आम्ही एकदा एम. ए. झालो की जन्मभर पास. मालाच्या गाडीला मात्र आठ वर्षांनंतर दरवर्षी आपली योग्यता सिद्ध करून दाखवावी लागते. हा नियम अध्यापकांना लागू केला तर काय होईल, हा विचार मी लगेच मनातून काढून टाकला.

त्या वर्षी ही तपासणी दिवे गावाजवळच्या ट्रॅकवर होत असे. म्हणजे फुरसुंगीहून निघून वडकी मागे टाकायची आणि दिवे घाट चढायचा. दादाला आदल्या दिवशी पुण्याला आणले होते. केबिनमध्ये मिस्त्री चालवायला, मध्ये मी, खिडकीशी दादा. घाट लागला. ज्या रस्त्याने आषाढात माउलींची पालखी चढते, त्याच रस्त्याने आमची म्हातारी चढू लागली. मिस्त्रींचे कान इंजिनाकडे, माझे डोळे पाण्याच्या काट्याकडे. दादा खिडकीतून खाली मस्तानी तलावाकडे पाहत होता. दुसऱ्या वळणावर तो एकदम म्हणाला, "आता दुसरा टाका." मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने गिअर बदलला. गाडीचा आवाज मोकळा झाला. वरपर्यंत कुणी बोलले नाही.

ट्रॅक म्हणजे सुमारे अडीचशे मीटरची सरळ पट्टी. निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर पाहिले, चासीचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. मग गाडी वेगात सोडून ब्रेक दाबायचा. मिस्त्री एकटेच आत बसले. दादा आणि मी कडेला उभे राहिलो. निकालाच्या दिवशी विद्यार्थ्यांचे आईबाप कॉलेजच्या फाटकाशी कसे उभे असतात, ते मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या दिवशी मी फाटकाच्या दुसऱ्या बाजूला होतो. गाडी आली, चारही चाके एका वेळी धरली गेली आणि ती नाकासमोर सरळ थांबली. जराही तिरकी झाली नाही.

"थांबली," दादा म्हणाला.

गाडी आता गावीच असते. नवी गाडी मोठ्या खेपेला गेलेली असली की पुतण्या तिच्यात थोडा माल घालून सासवडच्या बाजाराला जातो. दादा रोज सकाळी ती सुरू करून पाच मिनिटे चालू ठेवतो. तेवढे डॉक्टरांनी चालवून घेतले आहे. मी रविवारी गेलो की तेलाची कांडी ओढून पाहतो, टायर पाहतो, चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओल दिसते का ते पाहतो. स्टाफरूममध्ये या सगळ्याचा एकूण खर्च किती आला, असे अजूनही विचारतात. मी आकडा सांगतो. त्या पैशांत जरा बरी जुनी गाडी मिळाली असती, असे ते म्हणतात. हिशेब त्यांचा बरोबर आहे.

काढलेले ते दोन पाटे दादाने भंगारात घालू दिले नाहीत. पाट्याचे पोलाद फार चिवट. खेड्यातले लोहार त्याचे कोयते आणि कुऱ्हाडी करतात. एका पाट्याचे त्याने बागेसाठी दोन कोयते करून घेतले. दुसऱ्याची एक विळी करवून गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे पाठविली. चकलीच्या गडबडीत सौ.ने ती पुढे ओढली आणि नारळ खवायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, चांगली जड आहे हो. जराही हलत नाही."

मी म्हणालो, "तिला ओझ्याची सवय आहे."